मशीनचा पाहुणचार

ज्या खोलीत पंखा लावायला बंदी असते, तिथे किस्से फार साचतात. आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये अशी एक खोली आहे. तिला आम्ही वजनखोली म्हणतो. हवेतली धूळ ज्या पांढऱ्या कागदावर गोळा करतात, तो कागद गावोगावहून इथे येतो, काचेच्या बंद भांड्यात सुकतो आणि मग काट्यावर चढतो. काटा इतका नाजूक की दार जोरात ढकललं तरी आकडे नाचायला लागतात. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, आणि मी काट्यावर बसले की बाकीच्यांची तोंडंसुद्धा बंद! पण कागदांची पाळी येईपर्यंत करायचं काय? गोंदियाचा मे महिना, मानेवरून घाम ओघळतोय, आणि तिघं जण एकमेकांकडे बघत बसलेले. मग कोणीतरी म्हणतं, "मॅडम, ते दवनीवाड्याचं सांगा ना!" आणि आमची गाडी सुटते.

तिघं जण कोण, ते आधी सांगते. डोंगरे सर आमचे प्रमुख. पुण्या-मुंबईची हवा सगळे मोजतात, गोंदियाची का नाही, असा त्यांचा हट्ट. त्या हट्टापायी त्यांनी वर खेटे घालघालून मशीन मिळवली. मी बिसेन मॅडम, वजनवाली. आणि गजभिये आमचा टेक्निशियन. मशीन लावायची, कागद बदलायचा, मशीन उचलायची आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे सगळं त्याच्याकडे.

हट्ट सरांचा होता, पण गरज होती गजभियेची. त्याच्या आईबाबांचं घर गावाच्या टोकाला, एका राइस मिलच्या अगदी मागे. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा म्हणजे बॉयलर आला, बॉयलरला धानाचा भुसा आला, आणि भुसा जळला की काळी, हलकी राख आली. ती राख मिलवाले मागच्या मोकळ्या जागेत टाकत. घरापेक्षा उंच ढीग झाला होता. वारा सुटला की ढीग घरात यायचा. गजभियेच्या बाबांनी त्याच मिलमध्ये जन्मभर आधी पोती उचलली, मग बॉयलरमध्ये भुसा लोटला. आता ते अंगणातल्या खाटेवर बसून श्वास ओढत होते. गजभिये बायकोमुलांना घेऊन कॉलेजजवळ भाड्याने राहायचा. "बाबा, माह्याकडं चला," असं किती वेळा म्हणाला असेल! बाबांचं एकच उत्तर. "घर मी बांधलो. ढीग मिलवाल्याचा हाय. त्याले हलाले सांग."

गजभियेने प्रदूषणाच्या ऑफिसात तक्रार दिली तर तिथले साहेब म्हणाले, "नुसतं खोकला आहे म्हणून चालत नाही. आकडा आणा." आकडा आला असता तर ढीग हलला असता. म्हणून गजभिये आमच्या मशीनला जिवापाड जपायचा.

*

मशीन म्हणजे कमरेइतकी उंच लोखंडी पेटी आणि तिच्या डोक्यावर टोपी. टोपीखालून ती हवा आत ओढते आणि हवेतली धूळ आतल्या कागदावर बसते. आवाज पिठाच्या गिरणीसारखा.

पहिल्यांदा लावली ती बाजारात, एका दुकानाच्या ओट्यावर. भर उन्हाळा. मशीन सुरू झाली तशी माणसं गोळा झाली. एक म्हातारे शेठ तर आतून खुर्ची आणून, शर्टाची बटणं सोडून तिच्यापुढे बसले. बराच वेळ तसेच बसले. शेवटी गजभियेला म्हणाले, "भैया, ये कूलर ठंडा किधर से करता है?"

गजभिये म्हणाला, "काकाजी, कूलर नहीं है. ये हवा अंदर लेता है."

"और बाहर क्या देता है?"

"कुछ नहीं. सिर्फ लेता है."

शेठ उठले, बटणं लावली, खुर्ची उचलली. "तो सीधा बोलो ना, सरकारी है!"

*

आमगावला एका शाळेच्या गच्चीवर मशीन ठेवली. हेडमास्तर फार चांगला माणूस. चहा, पोहे, गच्चीवर वायर ओढून दिली, पोरांना मशीनजवळ फिरकू दिलं नाही. पण कागद आले ते निम्मेच भरलेले! मशीन किती वेळ चालली ते दाखवणारा एक मीटर तिच्यात असतो. गजभियेने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. मशीन रोज संध्याकाळी बंद होत होती.

डोंगरे सर स्वतः गेले. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "मीच बंद करतो सर. रात्री शाळेत पोरं असतात का? मग हवा मोजता कोणासाठी?"

सरांना शिकवायची हौस भारी. त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. हिवाळ्यात रात्री थंड हवा खाली बसते, धूर वर जाऊ शकत नाही, म्हणून चोवीस तासांतली सगळ्यात वाईट हवा रात्रीच असते. हेडमास्तरांनी सगळं मान डोलावत ऐकलं.

"इतकी वाईट असते?"

"इतकी वाईट."

"अरे बाप रे! मग तर बंदच बरी सर. एवढ्या घाण हवेत इतकी महागाची मशीन कायले चालवता?"

तेव्हा आम्ही आठवडाभर हसलो. आता तो किस्सा कोणी काढला की गजभिये उठून बाहेर जातो.

*

दवनीवाड्याचा किस्सा मी सासरी, माहेरी, स्टाफरूममध्ये, सगळीकडे सांगितला आहे.

तिकडे आता धान हार्वेस्टरने कापतात. बुडखे बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, तसेच उभे राहतात आणि लोक त्यांना काडी लावतात. त्या धुराचं मोजमाप हवं म्हणून आम्ही आधी जाऊन एका शेतकऱ्याशी बोललो. भला माणूस, माझ्या माहेरच्या नात्यातलाच निघाला. म्हणाला, "या ना, माह्याच खळ्यावर ठेवा." कधी जाळणार ते विचारलं. "याच हप्त्यात."

मशीन लावली. हप्ता गेला. एक कागद काळा होईल तर शपथ! आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, बांध्या तशाच उभ्या. सर चिडले, मी चिडले, आणि मुक्काम संपला म्हणून मशीन गाडीत घातली. तो शेतकरी नव्या धानाचे पोहे बांधून घेऊन आला.

"झालं का तुमचं काम?"

"झालं," सर तोंड वाकडं करून म्हणाले.

"मंग आता लावतो काडी."

आम्ही पाहतच राहिलो. सगळं शिवार आमच्या जाण्याची वाट पाहत थांबलं होतं! सर ओरडले, "थांबा! गजभिये, मशीन उतरव! दादा, तुम्ही जाळा, आम्ही मोजतो!"

माणूस लाजला. मान हलवत म्हणाला, "नाई बाप्पा. पाहुण्याच्या तोंडावर धूर सोडाचा काय?"

गाडी फाट्याला लागली आणि मी मागे वळून पाहिलं, तर धूर उठला होता. पोहे मात्र छान होते.

खरं सांगते, आमच्या भागाची हीच गोष्ट आहे. पाहुण्याला दारातली घाण दाखवायची आम्हाला लाज वाटते. मग तो पाहुणा घाण पाहायलाच आलेला का असेना.

*

नागऱ्याला महाशिवरात्रीच्या गर्दीत मशीन ठेवली होती, देवळापासून थोडी दूर. दुसऱ्या दिवशी कागद आला तो काळाकुट्ट. आणि वास? अहाहा! माझी वजनखोली चंदनाने भरून गेली.

गजभियेने सांगितलं ते असं. तो पोचला तेव्हा मशीनच्या टोपीवर बेल होता, पेटीला हळदकुंकू होतं आणि टोपीखालच्या जाळीत उदबत्तीचा पुडाच्या पुडा खोचलेला! शेजारी एक म्हातारे हात जोडून उभे.

"काऊन लावली गा आजा उदबत्ती?"

"दिवसरात घुमून राह्यली ना बाप्पा. येवढा जप तं पुजारी बी करत नाई!"

सरांनी अहवालात त्या दिवसापुढे लिहिलं, "स्थानिक कारणाने वाढ." जिल्ह्यातला त्या वर्षातला सगळ्यात मोठा आकडा तोच राहिला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

हिवाळा आला आणि मशीन एकदाची गजभियेच्या आईबाबांच्या अंगणात गेली. सरांनीच ती जागा यादीत घातली. मिलच्या मागे, राखेच्या ढिगाखाली, याहून योग्य जागा कोणती? अंगणात एक उंच ओटा होता, त्यावर ती चढली. ओट्यासमोरच बाबांची खाट.

गजभियेने आईला बजावलं, "आई, मशीनले हात लावाचा नाई. लय महागाची हाय. काई झालं तं सायेब माही नोकरी खातीन."

त्याची आई, अनुसयाबाई, ही सगळ्या वस्तीत अंगणासाठी प्रसिद्ध. राख पडायची, ती झाडायची. पुन्हा पडायची, पुन्हा झाडायची. पांढरं पातळ नेसून विहारात जायच्या दिवशी ते पातळ ती आत, घरात दोरी बांधून वाळवायची, पण अंगण कधी करडं दिसू द्यायची नाही.

आणि बाबा! असा तिरकस माणूस मी पाहिला नाही. मशीन सुरू झाली, तिची घरघर ऐकली आणि म्हणाले, "अरे, हे तं माह्यासारखंच घरघरते. शेजारी भेटला म्हना!" डॉक्टरांनी त्यांना हवापालट सांगितला होता. त्यावर म्हणाले, "डाक्टर म्हणते हवा बदला, पोरगा म्हणते हवा मोजतो. तुमी दोघं मिळून काय ते ठरवा. मी हाय इथंच."

गजभिये सकाळ-संध्याकाळ मोटरसायकलवर कागद बदलायला जायचा. जुना काढायचा, चिमट्याने नवा पांढरा बसवायचा. बाबा खाटेवरून टक लावून पाहत असायचे. एक दिवस म्हणाले, "त्याचा कागद रोज बदलून राह्यला. माहा कव्हा बदलतो गा?"

हा किस्सा गजभियेने वजनखोलीत स्वतःच सांगितला, हसत हसत. सर हसले, मी हसले. मग मी उगाचच काटा पुसायला घेतला.

*

आता त्या घरचे कागद. पहिला कागद मी काट्यावर ठेवला आणि मला वाटलं काटा बिघडला. पुन्हा ठेवला. तोच आकडा. कागद डोळ्यांनाच जवळजवळ पांढरा दिसत होता! गजभिये माझ्या पाठीशी उभा. म्हणाला, "मॅडम, कोरा तर नाही ना ठेवला?" नव्हता ठेवला. त्याच्याच हातचा, त्याच्याच घरचा कागद होता.

सर म्हणाले, मशीन तपासा. तपासली, ठणठणीत. हवा बरोबर ओढत होती. आणखी कागद आले, तेही तसेच. वारा उलटा असेल, सर म्हणाले. बॉयलर कमी चालला असेल, मी म्हणाले. गजभिये पुढचा कागद काढून देत राहिला. मशीनची पाळी संपेपर्यंत त्याचा प्रत्येक कागद जिल्ह्यातला सगळ्यात हलका निघाला. बाजारापेक्षा हलका, शाळेपेक्षा हलका, शिवारापेक्षाही हलका. आणि आकडा आवडला नाही म्हणून फेकून देता येत नाही, हे सरांनी जन्मभर पोरांना शिकवलेलं. अहवाल आहे तसा गेला.

मग ऑफिसात मीटिंग झाली. मोठा हॉल, पडदा, पडद्यावर आमचा रंगीत तक्ता. सगळ्यात उंच काडी नागऱ्याची, देवाच्या कृपेने. आणि सगळ्यात बुटकी काडी मिलच्या मागच्या घराची. मिलतर्फे एक गृहस्थ आले होते, त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली.

साहेब खुशीत आले. "वा वा! म्हणजे गोंदियातली सगळ्यात स्वच्छ हवा मिलच्या मागे! अहो, मग आमच्या बंगल्यासाठी तिथेच प्लॉट बघा!"

हॉल हसला. मिलचे गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनीच मग बिस्किटांची प्लेट सगळ्यांपुढे फिरवली. प्लेट गजभियेपुढेही आली. तो कॉम्प्युटरजवळ उभा होता, तक्ते पुढे सरकवायला. त्याने एक बिस्किट घेतलं आणि पुढचा तक्ता लावला. राखेच्या ढिगाचा विषय तिथेच मिटला. मला त्या दिवशी इतका संताप आला होता, आणि काढायचा कोणावर तेच कळत नव्हतं. आकडा आमचाच होता.

*

मीटिंगनंतर मला राहवेना. मशीन अजून त्याच ओट्यावर होती, गजभिये ती चालूच ठेवून परत आणायची टाळाटाळ करत होता. मी एका दुपारी कोणाला न सांगता स्कूटी काढली, संत्री घेतली आणि बाबांना भेटायला गेले. गजभियेच्या मोटरसायकलचा आवाज वस्तीत लांबूनच ओळखू येतो. माझ्या स्कूटीचा कोण ओळखणार?

अंगणात पाय टाकला आणि मशीन मला दिसेचना. ओट्यावर एक पांढरी खोळ उभी होती! जुन्या पांढऱ्या पातळाची, निळ्या काठाची, चारी बाजूंनी नीट टीप मारलेली, टोपीपासून पायापर्यंत. आतून घरघर येत होती. खोळ ओलीचिंब होती. खाली एक बादली, आणि बादलीतलं पाणी काळं. आमचा सगळा आकडा त्या बादलीत होता.

अनुसयाबाई हात पुसत बाहेर आल्या. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

"आई, हे काय आहे?"

"खोळ शिवली वो मॅडम. पोरगा म्हणे लय महागाची हाय, जपा. इथं तं राखच राख. मी पाह्यलो ना, टोपीखालून धूळ आत जाऊन राह्यली होती सारी! घरी फ्रीजले घालतो, टीव्हीले घालतो, मंग याले काऊन नाई? ओली ठेवलो तं राख अडते. दिवसातून चार बार पिळतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोराले नका सांगजा. त्याची गाडी ऐकू आली का मी काढून ठेवतो. हात नोको लावू म्हणलं होतं त्यानं."

धूळ मोजायच्या मशीनला धुळीपासून वाचवलं होतं त्या माऊलीने! मला आधी हसूच आलं. खरंच आलं. खोळीची टीप इतकी सुरेख होती.

तेवढ्यात खाटेवरून बाबा म्हणाले. एक एक शब्द ओढून म्हणाले. "तिले नका बोलू मॅडम. मीच सांगलो. मिलमंदी येवढी वर्सं होतो, मले कोणी झाकलं नाई. म्हटलो, त्याले तरी झाक."

संत्री मी ओट्यावर ठेवली आणि तिथून निघाले. सोलून द्यायचंही सुचलं नाही.

*

गजभियेला मी सांगितलं. सांगावंच लागलं. तो आईवर चिडेल, आदळआपट करेल, असं मला वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "निळ्या काठाचं पातळ होतं का?" मी हो म्हणाले. म्हणाला, "ते तिचं विहारात नेसायचं."

डोंगरे सरांनी त्याच दिवशी ऑफिसला लिहिलं. आकडे चुकले, कारण असं असं, पुन्हा मोजू द्या. सरांच्या चाळीस पानी अहवालाला कधी इतकी घाई नव्हती. ऑफिसातून उत्तर आलं की त्या जागेचं मोजमाप झालेलं आहे, समाधानकारक आहे, पुढच्या हंगामात पाळी आली तर विचार करू. सर स्वतः जाऊन भांडले. साहेब म्हणाले, "डोंगरे सर, उद्या तुम्ही म्हणाल मशीनला स्वेटर घातला होता. अहवालाची काही किंमत ठेवाल की नाही?" चुकीचं काय होतं त्यांचं? हसू येण्यासारखीच गोष्ट होती. मलाही आलंच होतं की.

थंडी वाढली. धूर खाली बसायला लागला, सरांनी आमगावच्या फळ्यावर काढला होता अगदी तसा. त्याच थंडीत बाबा गेले. आम्ही सगळे गेलो होतो. पांढरे कपडे घालून वस्ती जमली होती, त्रिशरण चालू होतं, आणि मिलचा बॉयलरही चालू होता. माणसं निघाली तेव्हा कोणी खांद्यावर फुंकर मारत होतं, कोणी बाह्या झटकत होतं. गजभिये तेवढा झटकत नव्हता.

मिलतर्फे ते मीटिंगमधले गृहस्थ आले होते. वाईट माणूस नाही तो. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वयच झालं होतं ना मॅडम. नाहीतर हवा तर इथली चांगली आहे."

*

पुढच्या हिवाळ्यात पाळी आली. सरांनी ती कशी आणली ते त्यांचं त्यांना माहीत. मशीन पुन्हा त्याच ओट्यावर न्यायची होती. गजभिये म्हणाला, "मॅडम, तुम्ही बी चला." त्याने याआधी मला कधी काही मागितलं नव्हतं. मी गेले.

अंगण मी ओळखलंच नाही. राखेचा थर होता. ओट्यावर थर, खाटेवर थर, पायरीवर थर. दारापासून नळापर्यंत पावलांची एक वाट तेवढी उमटलेली. अनुसयाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. ज्या बाईने राखेला जन्मभर अंगणात टिकू दिलं नाही, ती राखेकडे पाहत बसली होती. मला वाटलं, नवरा गेल्यावर हातपाय गळाले असतील बिचारीचे.

गजभियेने मशीन ओट्यावर चढवली, पांढरा कागद बसवला, बटण दाबलं. घरघर सुरू झाली तशी शेजारची बाई हातात झाडू घेऊन धावत आली. "अवो, पाहुणे आले आन् अंगण असं? थांबा, मी झाडून देतो!"

अनुसयाबाई इतक्या चटकन उठल्या की मीच दचकले. त्यांनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि दाराच्या आत टाकला.

"राहू दे. कोणी झाडाचं नाई. पाणी बी टाकाचं नाई."

गजभिये मशीनजवळ उभा होता. त्याने हळूच विचारलं, "आई, ते खोळ कुठं हाय?"

"तुह्या बाबावर टाकलो."

मग त्या ओट्याजवळ आल्या. मशीनच्या टोपीवर आमच्या गाडीतलं एक सुकं पान पडलं होतं, ते त्यांनी बोटाने काढलं. नाकावरचा पदर खाली घेतला.

"याले आता झाकत नाई. आमी खाल्लो ते त्याले बी खाऊ दे."